योग शिकवणारी बाई कशी घडते?

मागच्या महिन्यात 21 जूनला योगदिनाचा कार्यक्रम झाला आणि तेव्हापासून आपल्या केंद्रावर बायकांचे फोन सुरू आहेत. विचारणं बहुतेकींचं एकच. आम्हालाही योग शिकवायचाय, त्यासाठी काय करावं लागतं? एका ताईंनी त्यापुढे जाऊन विचारलं, "शिकून झालं की लोकांची शुगर, गुडघे, बीपी बरं करता येईल ना?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत देता येतं. दुसऱ्यानं आम्हालाच विचारात पाडलं, म्हणून आजचं बोलणं.

सुरुवात आपल्या मातीपासून करू. आपला नगर जिल्हा, आता अहिल्यानगर, हा नाथांचा जिल्हा. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथ आहेत, मांजरसुंब्याजवळ गोरक्षनाथांचा गड आहे. प्रवरेच्या काठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 ला. तिचा सहावा अध्याय तर सगळा योगावरच आहे. आसन कसं घालावं, कुंडलिनी कशी जागी होते, हे सगळं मराठीत, साध्या माणसाला कळेल असं. आणि गोदावरीच्या काठी पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे.

चांगदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. मोठे हठयोगी, योगाच्या बळावर चौदाशे वर्षं जगलेले, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन आले, आणि समोरून ही भावंडं भिंत चालवत आली. भिंतीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण त्यानंतर चांगदेवांनी गुरू कुणाला केलं? परंपरा सांगते, मुक्ताबाईला. चौदा-पंधरा वर्षांची पोर, आणि शिष्य एवढा सिद्ध योगी. आख्यायिका आहे, इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकायचा नाही. तरी आमच्या मनात येतं, योग शिकवणाऱ्या बाईचं चित्र आपल्या लोकांनी सातशे वर्षांपूर्वीच काढून ठेवलं होतं.

पुढे मात्र ते चित्र भिंतीवरच राहिलं. योग मठात होता, आखाड्यात होता, आणि दोन्हीकडे बायकांना उंबरठ्याबाहेरच थांबावं लागे. तो घराजवळ यायला विसावं शतक उजाडावं लागलं. 1918 मध्ये मुंबईत वर्सोव्याला योगेंद्रजींनी 'द योग इन्स्टिट्यूट' सुरू केली. त्यांच्या पत्नी सीतादेवी स्वतः शिकल्या, बायकांना शिकवू लागल्या आणि 1934 मध्ये त्यांनी बायकांसाठी योगावर पुस्तकही लिहिलं. ही संस्था आज सांताक्रूझला आहे. योगेंद्रजींच्याच गुरूंचे, म्हणजे माधवदासजींचे दुसरे शिष्य स्वामी कुवलयानंद. ते मूळचे शिक्षक. अंमळनेरला शिक्षणसंस्थेत काम केलं आणि 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. उड्डियान बंध किंवा नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी तपासलं आणि निष्कर्ष 'योगमीमांसा' नावाच्या नियतकालिकात छापले. शंभर वर्षांपूर्वी! आज मोबाइलवर कुणीही उठून सांगतं की अमुक आसनानं तमुक रोग जातो. त्यांना हे स्वामीजी नक्की विचारतील की बाबांनो, तपासलंत का?

आता पुण्याकडे वळू. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्याला आले तेव्हा विशीसुद्धा पूर्ण झालेली नव्हती. लहानपण सगळं आजारात गेलेलं: हिवताप, विषमज्वर, क्षय. म्हैसूरला मेहुणे कृष्णम्माचार्य यांच्याकडे ते राहिले ते तब्येत सुधारावी म्हणून. त्यांच्या शिकवण्याची सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. 1936 मध्ये कर्नाटकाच्या दौऱ्यात बायकांनी शिकायची इच्छा दाखवली. तेव्हाच्या रीतीप्रमाणे मोठ्या पुरुषांनी बायकांना शिकवणं बरं दिसेना, म्हणून वयानं सगळ्यांत लहान असलेल्या अय्यंगारांना तिकडे पाठवलं. म्हणजे जगभर नाव झालेल्या या शिक्षकाचा पहिला वर्ग बायकांचा होता.

त्यांची मुलगी गीता 1944 ची. नऊएक वर्षांची असताना तिला मूत्रपिंडाचा गंभीर आजार झाला. औषधं महाग, घरची परिस्थिती बेताची. वडिलांनी औषधं बंद केली आणि आसनं करून घेतली, मुलगी बरी झाली. गीताताईंनी हे स्वतः सांगितलेलं आहे. पुढे विशीच्या आत त्या शिकवू लागल्या, बायकांच्या शरीराचा, पाळीचा, बाळंतपणाचा, पाळी जातानाच्या दिवसांचा विचार करून त्यांनी आसनांची आखणी केली, त्यावर पुस्तक लिहिलं. आई रमामणी यांच्या नावानं 1975 मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या संस्थेत त्यांनी 2018 मध्ये जाईपर्यंत शिकवलं.

ही गोष्ट आम्ही वर्गात पुष्कळदा सांगायचो. आता सांगताना थांबतो. का, ते ऐका.

आमच्या वर्गात एक मावशी यायच्या. साठीच्या पुढच्या, कांद्याच्या वावरात आयुष्य गेलेलं. तीन महिन्यांत त्यांचं अंग मोकळं झालं, झोप लागायला लागली. एक दिवस वर्गात उठून म्हणाल्या, "मी बीपीची गोळी बंद केली, दोन महिने झाले, मला काही होत नाही." आम्ही काय केलं असेल? टाळ्या वाजवल्या. सगळ्या वर्गानं वाजवल्या. पंधरा दिवसांनी आशाताई घरोघर तपासणी करत आल्या आणि मावशींचा वरचा आकडा 190 निघाला. त्यांनी त्याच दिवशी मावशींना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, गोळी परत सुरू झाली, मावशी आज ठणठणीत आहेत. पण बीपी वाढलं तरी पुष्कळदा काही जाणवत नाही, हे शिकवणाऱ्या म्हणून आम्हाला ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक नव्हतं असंही नाही. टाळ्या गोड लागल्या.

योग शिकवायला येणाऱ्या बहुतेक बाया स्वतःच्या दुखण्यातून येतात. कुणाची कंबर, कुणाचा थायरॉइड, कुणाची बाळंतपणानंतरची उदासी. स्वतःला आराम पडला की दुसरीला सांगावंसं वाटतं, ते साहजिक आहे आणि चांगलंही आहे. अय्यंगारही तसेच आले, गीताताईही. फक्त आपण त्यांच्या गोष्टीतला मधला भाग गाळतो. बरं होणं आणि शिकवणं यांच्यामध्ये त्यांनी रोजचे कित्येक तास, कित्येक वर्षं घातली. गीताताईंच्या शेजारी चोवीस तास लक्ष ठेवणारा बाप होता, आणि तोही अय्यंगार. आपल्याकडे आठवड्यातून तीन दिवस एक तास येणाऱ्या मावशींच्या शेजारी कोण असतं? योगानं रक्तदाब थोडा उतरतो, कंबरदुखीला आराम पडतो, झोप सुधारते, असं अभ्यासांतून दिसलं आहे. यातला 'थोडा' हा शब्द शिकवणारीनं विसरू नये. गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टरांनी आकडा बघून ठरवायचं.

मग उपचार करायचेच नाहीत का? याचं उत्तर आम्हाला आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला सापडलं. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथं ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार होईनात, म्हणून गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, दलित, नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं, गावात जाऊन तेवढंच करायचं, पुढच्या आठवड्याला येऊन काय घडलं ते सांगायचं आणि पुढचं शिकायचं. याच बायांनी बाळंतपणं केली, जुलाबानं सुकलेल्या लेकरांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं, कुष्ठरोग ओळखला. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हाला त्यांच्याकडून उचलायची आहे ती एक गोष्ट: बाळंतीण अडली आहे हे ओळखून तिला दवाखान्यात कधी हलवायचं, हेही त्यांच्या शिक्षणातच होतं. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि गावानंही त्यांना कमी लेखलं नाही.

तर आता पहिला प्रश्न. शिकायचं कुठं? नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा योगशिक्षक पदविका अभ्यासक्रम घर-शेती सांभाळून करता येतो. आपल्या जवळचं अभ्यासकेंद्र कुठलं आणि यंदाची फी किती, ते विद्यापीठाकडे विचारा. नाशिकलाच विश्वास मंडलिक यांनी 1978 मध्ये सुरू केलेलं योग विद्या धाम आहे, तिथं पायरीपायरीनं अध्यापकापर्यंत जाता येतं. पूर्ण वेळ देता येत असेल तर लोणावळ्याचं कैवल्यधाम. शिवाय केंद्राच्या आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा असते. तिची पहिली पायरी साधारण 200 तासांच्या शिक्षणाची, दुसरी 400 तासांची. ध्यानात ठेवा, या मंडळानंही शिकवण्याच्या परीक्षा वेगळ्या आणि योगोपचाराच्या वेगळ्या ठेवल्या आहेत. पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून 'येथे मधुमेह बरा केला जातो' अशी पाटी लावता येत नाही. आठ दिवसांत घरबसल्या प्रमाणपत्र देतो म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. पैसे जातात ते जातात, वर एखादीची मान आखडते.

प्रमाणपत्र आलं, वर्ग सुरू झाला, की पहिल्या दिवशी आसन शिकवू नका. वही काढा. प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारा: बीपी आहे का, शुगर आहे का, कुठली गोळी चालू आहे, ऑपरेशन कधी झालं, दिवस गेलेत का, डोळ्याला काचबिंदू सांगितला आहे का. सगळ्यांसमोर विचारलंत तर खरं कळणार नाही. विशेषतः 'अंग बाहेर येतं' हे बाई कुणाला सांगत नाही. जड हंडे, उसाच्या मोळ्या वाहिलेल्या आपल्या भागात ते फार आहे. अशा बाईला जोरात कपालभाती करायला लावलं तर त्रास वाढतो. पोटुशी बाईलाही कपालभाती नको. बीपी जास्त असेल किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली जाईल असं आसन नको, श्वास रोखून धरणं नको. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन कुणी उपाशीपोटी आली आणि तिला घाम सुटला, हात थरथरले, तर वर्ग थांबवून आधी साखरपाणी द्या; म्हणून पिशवीत साखरेची पुडी ठेवा. छातीत दाबल्यासारखं होतंय, हात किंवा जबडा दुखतोय, दम लागतोय, असं कुणी म्हटलं तर शवासनात झोपवून वाट बघायची नाही, 108 ला फोन करायचा.

आणखी एक, हे पुस्तकात आम्हाला सापडलं नाही. शहरातली बाई दिवसभर खुर्चीत बसते, आपली बाई दिवसभर वाकते. खुरपणी, कांदालागण, भुईमूग काढणं, सगळं वाकूनच. तिला संध्याकाळी पुन्हा पुढे वाकायची आसनं कशाला? तिला पाठीवर झोपवा, गुडघे उभे करून कंबर जमिनीला टेकू द्या, मग सोसेल तेवढं हलकं सेतुबंध, खांदे मागे नेणं. आमच्या वर्गात पहिली दहा मिनिटं नुसतं झोपणं असतं. काही बायका तेवढ्यासाठीच येतात आणि आम्हाला त्यात काही गैर वाटत नाही.

वेळेचंही तसंच. पहाटे सहाचा वर्ग कागदावर छान दिसतो, पण त्या वेळी धारा काढायच्या असतात, पाण्याचा नंबर असतो, पोरांचे डबे असतात. आम्ही वर्ग दुपारी चारला नेला तेव्हा सातच्या बावीसजणी झाल्या. जेवण एकच्या आत उरकून यायचं, एवढीच अट.

त्या मावशी अजून येतात. चटईच्या गुंडाळीत गोळ्यांचं पाकीट खोचलेलं असतं. आल्या की आधी ते आमच्यापुढे धरतात, आम्ही रिकामी घरं मोजतो, मग त्या जागेवर जाऊन आडव्या होतात.

पुढच्या आठवड्यात याच वेळी गुडघ्यांबद्दल बोलू. तुमच्या गावच्या आशाताईंनाही ऐकायला बोलवा.