मैलाला २१० फेरे

आठ फूट व्यासाच्या चाकाचा घेर भरतो २५ फुटांहून थोडा जास्त. मैल म्हणजे ५,२८० फूट. भागाकार केला की उत्तर येतं २१०. म्हणजे ताशी ६० मैल, साधारण ९७ किलोमीटर वेगाने धावताना हे चाक मिनिटाला २१० फेरे घेणार. चाक सहा फुटी असेल तर तेवढ्याच वेगासाठी २८०. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश एक्स्प्रेस इंजिनांचा तोंडावळा घडला तो या फरकातून.

एका फेऱ्यात काय घडतं पाहा. दट्ट्या पुढे जातो, टोकाला क्षणभर थांबतो, मागे येतो, पुन्हा थांबतो. सिलिंडर दोन, आणि प्रत्येकात दोन्ही बाजूंनी वाफ. म्हणजे फेऱ्याला चार वेळा वाफ आत घ्यायची, चार वेळा बाहेर सोडायची. २१० फेऱ्यांना हे सेकंदाला १४ वेळा. वाटा अरुंद असल्या की वाफ वेळेत बाहेर पडत नाही आणि अडलेली वाफ दट्ट्यालाच उलटं रेटते. शिवाय जड दांड्यांचे हिसके फेऱ्यांबरोबर वाढतच जातात. त्यापेक्षा चाकच मोठं करा, फेरे आपोआप कमी!

डॅनियल गूच यांनी ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी हेच केलं. १८४६ साली स्विंडनच्या कारखान्यात १३ आठवड्यांत उभ्या राहिलेल्या ‘ग्रेट वेस्टर्न’ नावाच्याच इंजिनाला आठ फुटी चाकं होती. लंडन ते स्विंडन हे ७७ मैल त्याने ७८ मिनिटांच्या आसपास कापले. पण पुढचा भार एकाच आसावर होता आणि तो आस मोडला. मग पुढे आणखी एक जोडी बसवली. १८४७च्या ‘आयर्न ड्यूक’पासून हीच रचना रुळली. या इंजिनाचे सिलिंडर १८ इंच व्यासाचे, दट्ट्याची धाव २४ इंच आणि वाफेचा दाब चौरस इंचाला १०० पौंड.

मोठ्या चाकाची किंमत ओढीत मोजावी लागते. सिलिंडर आणि दाब तेच ठेवून चाक सहाऐवजी आठ फुटी केलं, तर ओढ थेट पाव हिश्शाने घटते. १८३८च्या ‘हरिकेन’ला तर दहा फुटी चाकं होती, फेरे मैलाला १६८ वर आले खरे, पण इंजिन काही टिकलं नाही. ओढ आणि वेग यांचा इतका उघड सौदा मला दुसऱ्या कुठल्या यंत्रात दिसलेला नाही.

पॅट्रिक स्टर्लिंग यांनी १८७०मध्ये डाँकास्टरला आठ फुटी चाकांचंच इंजिन बांधलं, तेही ग्रेट वेस्टर्नपेक्षा अरुंद गेजवर. त्या एका जोडीवर सुमारे १५ टन वजन. कोरड्या रुळावर त्याच्या जेमतेम पाव हिश्शाइतकी, म्हणजे चार टनांहून कमी ओढ चाक सोसतं. त्यापुढे ते जागच्या जागी गरगरतं. दहिवराने रूळ ओला झाला की पकड आणखी सुटते. चाकाखाली वाळू सोडायचे, पण वाऱ्याने ती उडून जायची. १८८६मध्ये मिडलंड रेल्वेच्या फ्रान्सिस होल्ट यांनी वाफेच्या झोताने वाळू नेमकी चाक आणि रुळाच्या फटीत मारायची सोय केली. मागे पडू लागलेली एकाच चालक जोडीची इंजिनं त्या मूठभर वाळूच्या जोरावर पुढच्याच वर्षी मिडलंडवर पुन्हा बांधली जाऊ लागली.

गूच यांच्या इंजिनांपैकी ‘लॉर्ड ऑफ द आइल्स’ १८५१च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात झळकलं होतं. १९०६ साली ते भंगारात काढलं, तेव्हा त्याची आठ फुटी चाकं तेवढी ठेवून घेतली.