शालेय तंत्रशिक्षण : अडचणी आणि एक वाट

कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शाळांसाठी 'कार्यानुभव' सुचविला. प्रत्येक मुलाने हाताने काही उपयुक्त काम करावे, हा त्यामागील हेतू. पण बऱ्याच शाळांत तो तास कागदी फुलांपुरताच उरला. पुढे २०१६ मध्ये अटल टिंकरिंग लॅबची योजना आली. निवडक शाळांत थ्री-डी प्रिंटर व सेन्सर पोहोचले.

यंत्र विकत मिळते, शिकविणारा मिळणे कठीण. विज्ञानाच्या शिक्षकाने स्वतः वेल्डिंग क्वचितच केलेले असते. शिवाय ज्या विषयाला परीक्षेत वजन नाही, त्याला वेळापत्रकातही जागा नसते.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे याचे एक उत्तर सापडते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला. त्याच्या 'मूलभूत तंत्रज्ञान' अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. लोखंडकाम, वीजजोडणी, शेती, आहार असे विषय त्यात येतात, आणि शिकविण्यास गावातील कारागीरही असतात. केलेल्या वस्तूचा खर्चही मुले मांडतात. वाणिज्य शाखेच्या आम्हा विद्यार्थ्यांना हे विशेष पटावे. माल, मजुरी व वरखर्च कळल्याशिवाय वस्तू पुरती कळत नाही.

आपल्या बेळगावात उद्यमबागेत फौंड्री आहेत, लेथवर काम करणारे कुशल कामगार आहेत. आठवड्यातून एक दिवस त्यांना योग्य मानधन देऊन शाळेत बोलावले, तर मराठी आणि कन्नड माध्यमांच्या मुलांना ते आपल्याच भाषेत शिकवू शकतील. नाही तर हातात पानाही न धरता, दहावीनंतर आय.टी.आय. की इंजिनिअरिंग, हे मुले ठरवीत राहतील.