वाद्यवृंदाचा शैलीपालट : ‘रॉक मशीन’ ते ‘इंडस क्रीड’

एखाद्या वाद्यवृंदाने दर ध्वनिमुद्रिकेत शैली पालटली की त्यास चंचल ठरविण्याचा प्रघात आहे. परंतु शैली पालटते तेव्हा नेमके काय पालटते आणि काय तसेच राहते, हे सहसा कोणी तपासून पाहत नाही. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ अर्थात पुढील ‘इंडस क्रीड’ या वृंदाच्या वाटचालीवरून ते पाहता येते. तुलनेसाठी मात्र वर्धा जिल्ह्यातील आष्टीकडे वळावे लागेल. त्याचे कारण यथावकाश येईल.

या वृंदाची स्थापना १९८४ साली झाली. तत्कालीन महाविद्यालयीन संमेलनांतून आणि धोबीतलावाजवळील रंगभवनाच्या खुल्या मंचावरून अशा वृंदांनी पाश्चात्त्य गाणी हुबेहूब वाजवावीत, अशीच श्रोत्यांची अपेक्षा असे. मूळ मुद्रिकेशी साम्य जितके अधिक, तितकी वाहवा मोठी. स्वतःची रचना वाजविणे म्हणजे श्रोते गमावण्याची तयारी ठेवणे होय. ‘रॉक मशीन’नेही परक्या गाण्यांपासूनच आरंभ केला, पण १९८८ च्या ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ या ध्वनिमुद्रिकेत त्याने आपल्या रचना पुढे मांडल्या. उदय बेनेगल यांचा आवाज आणि महेश तिनईकर यांची गिटार हे तिचे आधारस्तंभ. घडण सर्वस्वी पाश्चात्त्य हार्ड रॉकची. तरीही अनुकरणाकडून निर्मितीकडे टाकलेले हे पाऊल, आमच्या मते, नंतरच्या कोणत्याही शैलीबदलाहून मोठे आहे. १९९० ची ‘द सेकंड कमिंग’ याच मार्गावरची.

१९९१ नंतर उपग्रह-दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचू लागली आणि गाण्याबरोबर चित्रफीतही आवश्यक झाली. १९९३ साली वृंदाने नाव पालटून ‘इंडस क्रीड’ केले. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ या गीताच्या चित्रफितीस ‘एम्‌टीव्ही’चा आशिया विभागातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ ची ध्वनिमुद्रिका नव्या नावाचीच होती. तीत भारतीय नादाचा मेळ घालण्याचा प्रयत्न दिसतो. १९९७ साली वृंद विसर्जित झाला. बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी यांनी न्यूयॉर्क येथे ‘आम्स फॉर शांती’ हा निराळा प्रयोग केला. २०१० साली काही जुने व काही नवे वादक एकत्र आले आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ निघाली. तीत अवघी आठ गीते असून ओढा प्रोग्रेसिव्ह रॉकच्या गुंतागुंतीच्या रचनेकडे आहे.

एवढ्या पालटांत एक गोष्ट अढळ राहिली : गीतांची इंग्रजी भाषा. येथेच आष्टीचे स्मरण होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) खंजिरी या मुलखात गावोगाव घुमली होती. त्यांच्या भजनसंग्रहांत अनेक पदांच्या माथ्यावर ‘तर्ज’ नोंदविलेली आढळते; म्हणजे पद कोणत्या परिचित चालीवर म्हणावयाचे, हे आधीच सांगितलेले. चाल लोकांच्या ओठांवरची, भाषा कधी मराठी, कधी हिंदी; खंजिरी मात्र तीच. शैली पालटण्यात महाराज कोणत्याही रॉक वृंदाला हार जाणारे नव्हते! १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीचा जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला, गोळीबार झाला, माणसे हुतात्मा झाली. त्यामागे या भजनांनी केलेली जागृती होती, असे परंपरेने मानले जाते. महाराजांना त्याच महिन्यात अटकही झाली.

दोहोंची थोरवी ताडून पाहण्याचा येथे हेतू नाही. फरक रीतीचा आहे. महाराजांनी चाल पालटली ती शब्द पोहोचावा म्हणून. ‘इंडस क्रीड’ने नाद पालटला, परंतु शब्द जेथून निघाला तेथेच राहिला. त्यामुळे १९९५ च्या ध्वनिमुद्रिकेतील भारतीय रंगाचा आस्वादही मुख्यतः इंग्रजी जाणणाऱ्या शहरी तरुणांनीच घेतला. आष्टीसारख्या गावी ती पोहोचण्यास वाटच नव्हती. हा दोष एकट्या वृंदाचा म्हणता येत नाही. त्या काळी रॉक म्हणजे इंग्रजी, हे वादक आणि श्रोते दोघेही गृहीत धरून चालत. पुढे मुंबईच्याच ‘अभंग रिपोस्ट’ने उलट वाट धरली : शब्द संतांचे जुनेच ठेवून त्यांस रॉक आणि फंक यांच्या चाली दिल्या.