कॅमेरे चीनचे, कर्जही चीनचंच: इक्वेडोरच्या चौकाचौकातल्या नजरेचं बिल कोण भरतंय?

९ जानेवारी २०२४. इक्वेडोरमधल्या ग्वायाकिल शहरात एका टीव्ही वाहिनीचं थेट प्रक्षेपण सुरू होतं. तेवढ्यात तोंड झाकलेले बंदूकधारी स्टुडिओत घुसले. निवेदक आणि कर्मचाऱ्यांना जमिनीवर झोपवलं गेलं आणि हे सगळं देशभरातल्या लोकांनी घरबसल्या पाहिलं. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष डॅनियल नोबोआ यांनी देशात ‘अंतर्गत सशस्त्र संघर्ष’ सुरू असल्याचं जाहीर केलं.

या देशात कॅमेऱ्यांची कमतरता नव्हती. लॅटिन अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या कॅमेरा यंत्रणांपैकी एक इथे दशकभरापासून चालू होती. ती चीनच्या कर्जावर उभी राहिली होती. मग हे कर्ज का घेतलं? त्यातून देशाला काय मिळालं? आणि अशाच मार्गाने गेलेल्या इतर देशांचं काय झालं?

काय आहे ‘ईसीयू-९११’?

आपल्याकडे जसा ११२ नंबर आहे, तसा इक्वेडोरमध्ये ९११. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन दल, सगळ्यांसाठी एकच नंबर. पण हे फक्त कॉल सेंटर नाही. त्याला रस्त्यावरचे कॅमेरे जोडलेले आहेत. नियंत्रण कक्षात बसलेला कर्मचारी कॅमेरा फिरवू शकतो, झूम करू शकतो.

२०११ पासून ही यंत्रणा बसवायला सुरुवात झाली. २०१९ पर्यंत देशभरात ४,३०० कॅमेरे, १६ केंद्रं आणि ३,००० हून अधिक कर्मचारी असा तिचा पसारा झाला होता. काम केलं ते चीनच्या सीईआयईसी या सरकारी कंपनीने आणि हुवावेने.

भूकंप, पूर, अपघात अशा वेळी या यंत्रणेचा उपयोग झाला, हे टीकाकारही नाकारत नाहीत. वाद आहे तो पैशाचा आणि कॅमेऱ्यामागे बसलेल्या डोळ्यांचा.

कर्ज चीनकडूनच का?

त्यासाठी २००८ मध्ये जावं लागतं. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेआ यांनी देशाचे जुने कर्जरोखे ‘बेकायदा’ असल्याचं सांगून त्यांचे पैसे भरायला नकार दिला. ही रक्कम साधारण ३२० कोटी डॉलर होती. साहजिकच आंतरराष्ट्रीय बाजाराने इक्वेडोरला दारं बंद केली.

अडचण आणखी एक होती. २००० सालापासून इक्वेडोरचं चलन अमेरिकन डॉलर आहे. त्यामुळे गरज पडली म्हणून नोटा छापायची सोय नाही. धरणं, रस्ते, शाळा यांची आश्वासनं मात्र दिलेली होती.

इक्वेडोरकडे तेल होतं आणि चीनकडे पैसा. २००९ पासून चिनी कर्जं येऊ लागली आणि त्यातल्या अनेकांची परतफेड तेलाच्या पुरवठ्याशी बांधली गेली. या कर्जांतून धरणं झाली, तसे कॅमेरेही आले.

‘बांधलेलं कर्ज’ म्हणजे नेमकं काय?

बँकेकडून गृहकर्ज घेतलं की घर कुणाकडून घ्यायचं ते ग्राहक ठरवतो. समजा बँकेनेच सांगितलं की कर्ज देतो, पण घर आमच्या ओळखीच्या बिल्डरकडूनच घ्यायचं, तर? बांधलेलं कर्ज साधारण असंच असतं.

प्रत्येक मोठ्या देशाची निर्यातीला मदत करणारी बँक असते. तिचं कामच मुळी आपल्या देशातल्या कंपन्यांचा माल परदेशात खपवणं. ती दुसऱ्या देशाच्या सरकारला कर्ज मंजूर करते. त्या पैशातून कर्ज देणाऱ्या देशातल्या कंपनीला कंत्राट मिळतं. अनेकदा पैसे बँकेकडून थेट त्या कंपनीच्याच खात्यात जातात. कर्ज घेणाऱ्या देशाला मिळतात यंत्रं आणि हप्त्यांचं वेळापत्रक.

हे फक्त चीन करतो असं अजिबात नाही. मुंबईत मुख्यालय असलेली भारताची एक्झिम बँकही इतर देशांना अशी कर्जं देते आणि त्यातला साधारण ७५ टक्के माल व सेवा भारतातून घ्याव्या लागतात. चीनच्या एक्झिम बँकेच्या सवलतीच्या कर्जात हे प्रमाण किमान ५० टक्के असतं.

प्रश्न येतो तो स्पर्धेचा. पुरवठादार आधीच ठरलेला असेल, तर हीच यंत्रणा दुसरं कुणी स्वस्तात देईल का, याचं उत्तर कधीच मिळत नाही. पुढे सुटे भाग, सॉफ्टवेअर, दुरुस्ती यासाठीही त्याच कंपनीकडे जावं लागतं.

धरण आणि कॅमेरा यांत आणखी एक फरक आहे. धरणातून वीज विकून पैसे येतात. कॅमेरा काही कमावत नाही, शिवाय तो काही वर्षांत जुना होतो. म्हणजे त्याचा हप्ता सरकारी तिजोरीतूनच, करदात्यांच्या पैशातून जातो.

कॅमेऱ्यामागे कोण बसलं होतं?

एप्रिल २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक मोठी बातमी छापली. ईसीयू-९११ चं चित्रण पोलिसांप्रमाणेच ‘सेनाईन’ या गुप्तचर संस्थेकडेही जात असल्याचं त्यात समोर आलं. कोरेआ यांच्या काळात विरोधकांवर पाळत ठेवल्याचे आरोप याच संस्थेवर होते.

मारिओ पास्मिन्यो हे निवृत्त कर्नल. लष्करी गुप्तचर विभागाचे माजी प्रमुख आणि कोरेआ यांचे टीकाकार. त्यांच्या घरासमोरच एक कॅमेरा बसवला गेला होता.

दुसरीकडे, राजधानी क्विटोमध्ये ८०० कॅमेऱ्यांसाठी पाहायला जेमतेम ३० पोलीस होते. म्हणजे एकेकाच्या वाट्याला पंचवीसहून जास्त कॅमेरे. चोरी होत असताना ती कुणी पाहत असेलच, याची खात्री नव्हती. ठरावीक घरावर नजर ठेवायला मात्र एक माणूस पुरतो.

२०१८ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष लेनिन मोरेनो यांनी सेनाईन बंद केली. कॅमेरे तसेच राहिले.

पण गुन्हे तर कमी झाले ना?

झाले. २०१० च्या सुमारास इक्वेडोरमध्ये दर लाख लोकांमागे वर्षाला १७ ते १८ खून होत. २०१७ पर्यंत हा आकडा ६ च्या आसपास आला. सरकारने याचं श्रेय कॅमेऱ्यांना दिलं. त्याच काळात पोलीस दलात सुधारणा झाल्या होत्या आणि काही टोळ्यांना कायदेशीर संघटना म्हणून मान्यता देऊन मुख्य प्रवाहात आणलं गेलं होतं.

पुढे ग्वायाकिल बंदरातून कोकेनची वाहतूक वाढली, तुरुंग टोळ्यांच्या ताब्यात गेले आणि २०२३ मध्ये खुनांचं प्रमाण लाखामागे ४० च्या वर गेलं. यंत्रणा तीच होती. घसरणीचं श्रेय कॅमेऱ्यांना द्यायचं, तर या वाढीचं उत्तरही त्यांनाच विचारावं लागेल.

इतर देशांत काय घडलं?

पाकिस्तान: इस्लामाबादच्या ‘सेफ सिटी’ प्रकल्पासाठी चीनच्या एक्झिम बँकेचं सुमारे १२.५ कोटी डॉलरचं कर्ज आणि हुवावेची यंत्रणा. स्पर्धात्मक निविदा काढली नाही म्हणून २०१२ मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने हे कंत्राट रद्द केलं. तरी २०१६ मध्ये प्रकल्प उभा राहिला, तोही हुवावेच्याच हातून. २०१८ मध्ये एका पोलीस अधिकाऱ्याचं याच शहरातून अपहरण झालं आणि नंतर त्यांचा मृतदेह अफगाणिस्तानात सापडला. त्यानंतर मंत्र्यांना संसदेत कबूल करावं लागलं की शेकडो कॅमेरे बंद आहेत.

युगांडा: २०१७ मध्ये पोलीस अधिकारी अँड्र्यू फेलिक्स कावेसी यांची हत्या झाली आणि राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांनी कॅमेऱ्यांचा आग्रह धरला. १२.६ कोटी डॉलरचा प्रकल्प, यंत्रणा हुवावेची. पण कर्ज दिलं स्टँडर्ड चार्टर्ड या ब्रिटिश बँकेने, सुमारे १०.४ कोटी डॉलर. २०१९ मध्ये संसदेने या कर्जाला मंजुरी दिली, तेव्हा राजधानी कंपालात कॅमेरे आधीच बसलेले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये विरोधी नेते बॉबी वाईन यांच्या अटकेनंतर लोक रस्त्यावर आले. ८०० हून अधिक जणांना अटक झाली. संशयितांना शोधायला हे कॅमेरे आणि चेहरा ओळखणारं तंत्रज्ञान वापरल्याचं पोलिसांनीच सांगितलं.

मॉरिशस: मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या या बेटावरही सुमारे ४,००० कॅमेऱ्यांची हुवावेची यंत्रणा आहे. इथे चिनी कर्ज मॉरिशस टेलिकॉममार्फत आलं आणि पोलीस यंत्रणेचं भाडं भरतात. रस्ता वेगळा, पण पैसे शेवटी सरकारी तिजोरीतूनच जातात.

मग कॅमेरे घेऊच नयेत का?

तसं नाही. बॉम्बस्फोट आणि हत्यांनी हादरलेल्या शहरांना सुरक्षितता हवीच असते आणि स्वतःच्या तिजोरीत पैसा नसेल तर कर्जाशिवाय पर्याय नसतो. मुद्दा आहे क्रमाचा. किंमत दुसऱ्या कुणाशी ताडून पाहिली का? चित्रण कोण पाहणार आणि किती दिवस ठेवणार? दुरुस्तीचा खर्च कोण करणार? हे प्रश्न कर्जावर सही होण्याआधी विचारायचे असतात. या देशांत ते एक तर न्यायालयात विचारले गेले, किंवा संसदेत, किंवा बातमी छापून आल्यावर. तोपर्यंत पैसे कंपनीकडे पोहोचलेले होते.

सप्टेंबर २०२२ मध्ये इक्वेडोरने चीनच्या दोन सरकारी बँकांकडून सुमारे ३२० कोटी डॉलरच्या कर्जाची मुदत वाढवून घेतली. या काळात कोरेआ गेले, मोरेनो आले, त्यांच्यानंतर गिलेर्मो लासो आले. सेनाईन बंद झाली. चिनी कर्जाचे हप्ते मात्र मागच्या पानावरून पुढे चालूच राहिले.