नोकरभरतीवरील बंदी : कार्यालये आणि उमेदवार

शासनाची आर्थिक ओढाताण सुरू झाली की काटकसरीच्या परिपत्रकात बहुधा एक वाक्य असतेच : पुढील आदेश होईपर्यंत रिक्त पदे भरू नयेत. हे वाक्य अमलात आणणे कोणत्याही सरकारला विलक्षण सोपे जाते. कोणाला कामावरून काढावे लागत नाही, कोणाचे वेतन कापावे लागत नाही. आणि जो अद्याप कार्यालयाची पायरी चढलेलाच नाही, त्याच्या वतीने कोणतीही संघटना भांडावयास येत नाही. काटकसरीचे इतर मार्ग लोकक्षोभाच्या भीतीने मागे पडतात आणि भरतीबंदी मात्र वारंवार अवतरते, याचे कारण येथेच सापडेल.

आपल्याकडील दीर्घकाळ चाललेला एक प्रयोग केंद्र सरकारचा होय. पाचव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर वेतनाचा बोजा फार वाढला होता. २००१-०२ चा अर्थसंकल्प मांडताना तत्कालीन अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी सांगितलेले गणित साधे होते. दरवर्षी सुमारे ३ टक्के कर्मचारी निवृत्त होतात; नवी भरती १ टक्क्यावर रोखली, तर दरवर्षी २ टक्के आणि पाच वर्षांत १० टक्के मनुष्यबळ आपोआप घटेल. त्यानुसार १६ मे २००१ रोजी आदेश निघाला. थेट भरतीच्या रिक्त जागांपैकी एक तृतीयांश जागाच भरावयाच्या, आणि त्याही विभागाच्या मंजूर पदसंख्येच्या १ टक्क्याच्या आत. ज्यांना छाननी समितीची मंजुरी मिळणार नाही, त्या जागा बढतीनेही भरावयाच्या नव्हत्या; त्या रद्दच होणार होत्या. ही योजना मुदतवाढ मिळत मार्च २००९ पर्यंत चालली.

कागदावर या गणितात चूक काढता येत नाही. अडचण निराळी आहे. माणूस निवृत्त होतो तो जन्मतारखेनुसार. त्याच्या टेबलावरचे काम गरजेचे आहे की निरुपयोगी, याच्याशी त्या तारखेचा संबंध नसतो. त्यामुळे ज्या शाखेत काम उरलेले नाही ती योगायोगाने भरलेली राहते आणि जिथे लोकांची रीघ लागते तिथली खिडकी बंद होते. या पुस्तिकेच्या वाचकांत टपाल, रेल्वे, महसूल अशा खात्यांत आयुष्य वेचलेले माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत. ‘अतिरिक्त कार्यभार’ या शब्दांचा अर्थ त्यांना निराळा सांगावयास नको. दुसरी हानी उशिरा दिसते. सात-आठ वर्षे नवीन माणूस आला नाही, की पुढे वीस वर्षांनी अनुभवी अव्वल कारकुनाच्या वा पर्यवेक्षकाच्या जागी बसविण्याजोगी मधली पिढीच सापडत नाही. ही पोकळी एकदम भरती करून भरून निघत नाही.

बंदीचा एक परिणाम असा, की तो आदेश लिहिणाऱ्यांच्याही ध्यानात आला नसावा. सेवेत असताना कर्मचारी मृत्यू पावला तर त्याच्या कुटुंबातील एकास अनुकंपा तत्त्वावर नोकरी देता येते. परंतु केंद्रात ही मर्यादा थेट भरतीच्या जागांच्या ५ टक्के इतकी आहे. थेट भरतीच एक तृतीयांशावर आली, तेव्हा हे ५ टक्केही त्याच प्रमाणात आकसले. लहान कार्यालयात त्यांचे उत्तर शून्य येऊ लागले. त्यातच २००३ च्या आदेशाने अशा अर्जाचा विचार कमाल तीन वर्षेच करावयाचा असे ठरले होते. ही तीन वर्षांची अट २०१२ मध्ये मागे घेण्यात आली. तोवर ज्या घरांची मुदत सरली, त्यांच्या दुःखाची नोंद कोणत्याही काटकसरीच्या हिशेबात नाही.

जागा रिकामी राहिली तरी काम थांबत नाही, आणि मग मागच्या दाराने माणूस घ्यावा लागतो. हा अनुभव आपल्या शेजारचाच आहे. धारवाड जिल्ह्यातील सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सुशिक्षित रोजंदारी कर्मचाऱ्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये निकालात काढला, तेव्हा कर्नाटकाच्या निरनिराळ्या खात्यांत असे सुमारे ५०,००० कामगार असल्याचे समोर आले. त्यांना टप्प्याटप्प्याने कायम करण्याची योजना न्यायालयाने मान्य केली. गंमत अशी, की १ जुलै १९८४ पासून राज्यात रोजंदारी नेमणुकांनाच बंदी होती! तरीही विक्रीकर खात्यात त्यानंतर माणसे घेतली गेलीच. त्यांचा लढा उमादेवी खटला म्हणून प्रसिद्ध आहे. १० एप्रिल २००६ च्या निकालात घटनापीठाने सांगितले, की कितीही वर्षे काम केले तरी नियमबाह्य मार्गाने आलेल्यास कायम होण्याचा हक्क नाही. मंजूर पदावर, पात्रता असताना, न्यायालयाच्या आदेशाच्या आधाराविना दहा वर्षे काढलेल्यांचा तेवढा एकवार विचार व्हावा. निकालामागील तत्त्व बरोबरच आहे. खुली स्पर्धा न होता जागा भरल्या, तर बाहेर थांबलेल्या उमेदवारावर अन्याय होतो. परंतु खुली स्पर्धा शासनानेच बंद ठेवली असेल, तर दोघेही फसतात.

अमेरिकेतही निष्कर्ष वेगळा निघाला नाही. अध्यक्ष कार्टर आणि रेगन यांच्या काळातील बंद्यांची तपासणी तेथील संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने केली. कर्मचारीसंख्येवर फारसा परिणाम झाला नाही, कामे विस्कळीत झाली आणि काही ठिकाणी खर्च उलट वाढला, असा तिचा १९८२ चा अहवाल सांगतो.

आता उमेदवाराकडे पाहू. निवड यादीत नाव आले म्हणजे नोकरी मिळाली, अशी आपल्या घराघरांतून समजूत असते. कायदा तसे मानीत नाही. शंकरसन दाश खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की निवड झाल्याने नेमणुकीचा हक्क उत्पन्न होत नाही. शासनाने मनमानी करता कामा नये, एवढेच बंधन आहे. उमेदवाराचे खरे भांडवल म्हणजे त्याचे वय, आणि बंदीच्या काळात तेच खर्च होत राहते. शुल्क परत देता येते, परीक्षा पुन्हा घेता येते; ओलांडलेली वयोमर्यादा मात्र शासनाने दया दाखविली तरच मागे सरकते. महाराष्ट्रात ४ मे २०२० च्या निर्णयाने आरोग्य व वैद्यकीय शिक्षण वगळता नवी भरती थांबली होती. पुढे मार्च २०२३ मध्ये कमाल वयात दोन वर्षांची सवलत द्यावी लागली, तीही त्या वर्षाअखेरपर्यंतच्या जाहिरातींपुरती.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या गावात आहे, त्या बेळगावास याचा अर्थ अधिक कळतो. पहाटे रस्त्यावर धावणारी मुले येथे नेहमीचीच. साथीचे कारण देऊन २०२०-२१ आणि २०२१-२२ ही दोन वर्षे सैन्यभरती झाली नाही. १४ जून २०२२ रोजी ती परत आली, पण अग्निपथ योजनेच्या रूपाने : सेवा चार वर्षांची, आणि त्यापुढे जास्तीत जास्त चौथ्या हिश्शालाच कायम स्थान. वयाची कमाल मर्यादा २१ होती. देशभर असंतोष उसळल्यावर ती त्या वर्षापुरती २३ करण्यात आली. ज्यांची शारीरिक व वैद्यकीय चाचणी आधीच पार पडून केवळ लेखी परीक्षा राहिली होती, त्यांची भरती रद्द झाली. अशा उमेदवारांपैकी काही जण न्यायालयात गेले. १० एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या.