शरदांतील सहकुटुंब छायाचित्र आणि मुलांचे कपडे

आश्विन उजाडला कीं, ज्यांचीं मुलें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत अशा आमच्यासारख्या घरांतून दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. पहिली दिवाळीची, आणि दुसरी तिकडून येणाऱ्या सहकुटुंब छायाचित्राची. मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट वगैरे ईशान्येकडील राज्यांत ऑक्टोबर महिन्यांत मेपल वृक्षांचीं पानें पिवळीं, नारिंगी व तांबडीं होतात. दिवस लहान होऊन थंडी पडूं लागली म्हणजे पानांतील हरितद्रव्य नाहींसें होतें. त्याखालीं दडलेला पिवळा रंग उघडा पडतो, आणि कांहीं जातींत तांबडा रंग नव्यानें तयार होतो. एका ठिकाणीं ही शोभा दोनतीन आठवड्यांवर टिकत नाहीं. म्हणून तेथील कुटुंबें याच दिवसांत मुलांना सजवून छायाचित्र काढवितात व पुष्कळदां तेंच नाताळच्या शुभेच्छापत्रावर छापतात. दिवाळी त्याच सुमारास येत असल्यामुळें आपलीं मराठी कुटुंबेंही आतां या हौसेंत मागें नाहींत.

गेल्या वर्षीं या छायाचित्राचा कारभार आम्हीं आपल्याकडे घेतला, आणि तो आम्हांस चांगलाच भोंवला. पांच वर्षांच्या नातीसाठीं आम्हीं जरीच्या कांठाचा लालभडक परकर व पोलकें शिवून पुण्याहून धाडलें. आंतून कांहीं उबेचें घालावयास हवें हें आम्हांस सुचलेंच नाहीं. येथील ऑक्टोबर म्हणजे उकाडा! तेथें त्या सायंकाळीं बोचरा वारा सुटला होता. पोलक्याची जर मानेला टोंचत होती. पोरीनें रडून रडून डोळे सुजवून घेतले. चित्र हातीं आलें तेव्हां आणखी एक चूक ध्यानांत आली. मागें तांबडीं पानें, पुढें तांबडा परकर. मुलीचा चेहरा व दोन हात तेवढे पाचोळ्यांतून वर आल्यासारखे दिसत होते. तरीही आम्हीं तें कौतुकानें भिंतीवर लाविलें. उन्हाळ्यांत ती येथें आली असतां त्याकडे पाहून म्हणाली, "आजी, हा मला थंडी वाजली होती ना, तो दिवस." तें चित्र आम्हीं त्याच संध्याकाळीं खालीं उतरविलें.

त्याच भिंतीवर आमच्या आजेसासूबाईंचें लहानपणचें एक चित्र आहे. त्यांत त्यांचें तांबड्या खणाचें पोलकें कोळशासारखें काळें व आस्मानी परकर पांढरा शुभ्र उमटला आहे. पूर्वीच्या साध्या कांचांवर निळा प्रकाश चटकन् उमटे. तांबड्याची त्यांना जाणीवच नसे. १८७३ सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेल यानें कांचेच्या लेपांत रंगद्रव्य मिसळून ही उणीव कमी करण्याचा मार्ग दाखविला. सर्व रंग ओळखणाऱ्या कांचा इंग्लंडांत १९०६ सालीं विक्रीस आल्या. आजच्या कॅमेऱ्याला सारे रंग दिसतात. किंबहुना जरा जास्तच दिसतात. भडक नारिंगी सदरा घातलेल्या मुलाच्या हनुवटीखालीं त्याच रंगाची झांक पडते. अगदीं बारीक रेघांच्या कापडावर कधीं कधीं पाण्याच्या लाटांसारखी भलतीच नक्षी उमटते. छातीवर अक्षरें छापलेला सदरा असला, तर पाहणारा चेहरा सोडून अक्षरेंच वाचीत बसतो!

आतां लेकीनें एक युक्ति काढली आहे, ती आम्हांस फार पसंत पडली. घरांतील एकच नक्षीदार वस्त्र आधीं निवडावें, बहुधा आईची साडी, आणि बाकीच्यांचे रंग त्यांतूनच घ्यावे. गर्द निळी इरकली असेल, तर एका मुलास निळा सदरा, दुसऱ्यास बदामी, आणि पदराचा तांबडा रंग मोज्यांत किंवा टोपींत पुरे. सर्वांना एकाच कापडाचे कपडे करण्याची जी चाल पडली आहे, तिनें मात्र कुटुंब बँडवाल्यांच्या तुकडीसारखें दिसतें असें आमचें मत आहे. मुलांचे कपडे दोनतीन दिवस आधीं तासभर घालून खेळूं द्यावे. कोठें टोंचतें, काय आवळतें, तें तेव्हांच कळतें. नवें कापड एकदां धुवून घ्यावें. पोलक्याच्या आंत लोकरी बनियन व परकराखालीं जाड पायमोजे घालावे. ते दिसत नाहींत. जोडे विसरूं नयेत, कारण मुलें गवतावर बसलीं कीं तळवेच पुढें येतात. सूर्यास्तापूर्वींचा तास प्रकाशासाठीं उत्तम खरा, पण तीच लहानांची भुकेची व झोंपेची वेळ! त्यापेक्षां ढगाळ सकाळ बरी.

यंदा लेकीनें तीन पोषाख पुढें ठेवून निवड नातीवर सोंपविली. तिनें गेल्या वर्षींचाच तांबडा परकर उचलला, हें पाहून आम्ही चकित झालों. तो आतां वीतभर आंखूड झाला आहे. मात्र वर पोलकें नाहीं. आपला मोहरीच्या रंगाचा जुना स्वेटर तिनें घातला. तांबड्यावर तांबडें नको म्हणून लेकीनें सर्वांना पाइनच्या हिरव्या झाडांपुढें उभें केलें. स्वेटरच्या कोंपरावरचें ठिगळ चित्रांत स्पष्ट दिसतें. रिकाम्या खिळ्यावर तें आम्हीं कालच लाविलें.