विश्वासू सॉफ्टवेअरसोबत येणारे ॲडवेअर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वापरणाऱ्याला जाहिराती दाखवून, किंवा त्याचा शोध ठरावीक संकेतस्थळांकडे वळवून पैसे मिळवणाऱ्या सॉफ्टवेअरला ॲडवेअर म्हणतात. ते क्वचितच एकटे येते. माणूस पीडीएफ रीडर, जावा किंवा व्हिडिओ प्लेअर असे काहीतरी कामाचे उतरवून घेतो आणि त्याच्या सेटअपमध्ये दुसऱ्याच कंपनीचा टूलबार, सर्च इंजिन किंवा ‘मोफत तपासणी’ करणारा प्रोग्रॅम घातलेला असतो. या प्रकाराला बंडलिंग म्हणतात. त्याविषयीचे बहुतेक गैरसमज एकाच गृहीतकावर उभे आहेत: नाव मोठे असले की सोबत आलेलेही भरवशाचेच असणार.

‘कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतले, म्हणजे सोबत काही येत नाही’

या समजाला सर्वांत मोठे उत्तर जावाने दिले. महाराष्ट्रात जावाची गरज सरकारी कामांमुळे गावोगावच्या ठेकेदारांपर्यंत पोहोचली. काम जोतिबाच्या डोंगरावर जाणाऱ्या रस्त्याचे असो की कोल्हापूर शहरातल्या गटाराचे, महाटेंडर्स पोर्टलवर ई-निविदा भरायची आणि तिच्यावर डिजिटल सही करायची, तर संगणकावर जावा लागत असे. ते घ्यायचे ठिकाणही योग्य होते: ओरॅकल कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ. तरीही अनेक वर्षे विंडोजवर जावा बसवताना एक पडदा येई. त्यावर आस्क टूलबार बसवण्याची आणि आस्कला मुख्य सर्च इंजिन करण्याची संमती देणारी चौकट असे, आणि तिच्यात टिक आधीच केलेली असे. घाईत ‘नेक्स्ट’ दाबत गेलेल्या माणसाने ती वाचली नाही, तर त्याने संमती दिली असे धरले जाई.

जानेवारी २०१३ मध्ये जावातील एक गंभीर त्रुटी उघड झाली. हल्लेखोर तिचा वापर करत होते, आणि अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने ब्राउझरमधील जावा बंद ठेवण्याचा सल्ला दिला होता. अपडेट ताबडतोब घेणे गरजेचे होते, आणि नेमक्या त्या सुरक्षा अपडेटमध्येही टिक केलेली चौकट होतीच. पूर्वी नकार दिलेल्या माणसालाही प्रत्येक अपडेटला तो नव्याने द्यावा लागे. तंत्रज्ञान-पत्रकार एड बॉट यांनी त्याच महिन्यात ही प्रक्रिया बारकाईने तपासली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. जावाचा सेटअप संपल्यावर टूलबार लगेच बसत नसे. त्याचा इन्स्टॉलर सुमारे १० मिनिटे गप्प राही आणि मग काम सुरू करी. शंका येऊन कोणी लगेच कंट्रोल पॅनेल उघडून पाहिले, तर तिथे काही सापडत नसे. ज्या अपडेटवर संगणकाची सुरक्षितता अवलंबून आहे त्याचाच वापर जाहिरातीसाठी करणे हा विश्वासाचा गैरवापर होता. अपडेट टाळण्याची सवय लोकांना लागते, ती अशाच अनुभवांमुळे.

जून २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आस्क टूलबारच्या जुन्या आवृत्त्या नको असलेले सॉफ्टवेअर म्हणून काढून टाकायला सुरुवात केली. त्याच महिन्यात ओरॅकलची याहूशी भागीदारी जाहीर झाली, म्हणजे आस्क गेले तरी सोबत दुसऱ्याचे काही देऊ करण्याची, जोडप्रस्तावाची, पद्धत राहिली. ॲडोबीनेही आपल्या फ्लॅश प्लेअरच्या डाउनलोड पानावर मॅकॅफीचा तपासणी प्रोग्रॅम किंवा गूगलचे सॉफ्टवेअर आधीच टिक करून ठेवलेले असे. मॅकॅफीचा तो प्रोग्रॅम हानिकारक नव्हता, पण माणसाने तो मागितलाही नव्हता.

यामागचे कारण थेट पैशाचे आहे. दुसऱ्याचा प्रोग्रॅम आपल्या सेटअपमधून बसवून दिला की प्रत्येक बसवणीमागे रक्कम मिळते. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये या धंद्याच्या व्यापारी जाळ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका बसवणीमागे साधारण ०.१० ते १.५० डॉलर असा दर आढळला. या जाळ्याशी संबंधित डाउनलोडबाबत गूगलच्या सुरक्षा यंत्रणेला आठवड्याला ६ कोटींहून अधिक इशारे द्यावे लागत होते. व्हायरससारख्या घातक प्रोग्रॅमसाठी दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यांच्या तुलनेत हे प्रमाण जवळजवळ तिप्पट होते. संगणकात कोणता अँटिव्हायरस आहे हे आधी पाहून मगच आपला माल उतरवणारे इन्स्टॉलरही या जाळ्यात होते.

ओळखीच्या नावाचा आधार घेणारे मधले दुकानदार हा याच धंद्याचा आणखी एक भाग. डिसेंबर २०११ मध्ये एनमॅप या नेटवर्क तपासणीच्या साधनाचे कर्ते गॉर्डन लायन यांनी जाहीर तक्रार केली की डाउनलोड डॉट कॉमने त्यांचे सॉफ्टवेअर स्वतःच्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळून सोबत टूलबार द्यायला सुरुवात केली आहे. चित्रसंपादनाचे मोफत सॉफ्टवेअर ‘गिंप’ याच्या चमूने असल्याच प्रकारांना कंटाळून २०१३ मध्ये सोर्सफोर्ज हे डाउनलोडचे संकेतस्थळ सोडले. तरी मे २०१५ मध्ये सोर्सफोर्जने गिंपचे विंडोजसाठीचे जुने पान आपल्या ताब्यात घेऊन तिथे जोडप्रस्तावांचा इन्स्टॉलर ठेवला. गिंप बनवणाऱ्यांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. मोठा गदारोळ झाला, प्रकार थांबला, आणि २०१६ मध्ये सोर्सफोर्जच्या नव्या मालकांनी ती योजनाच बंद केली.

‘फुकटाला जाहिराती असतात, पैसे मोजले की सुटका’

पूर्ण किंमत देऊन घेतलेल्या वस्तूतही ॲडवेअर येऊ शकते, हे लेनोवोच्या लॅपटॉपनी दाखवून दिले. २०१४ च्या उत्तरार्धात कंपनीने ग्राहकांसाठीच्या अनेक मॉडेलमध्ये सुपरफिश कंपनीचा ‘व्हिज्युअल डिस्कव्हरी’ हा प्रोग्रॅम कारखान्यातूनच घालून दिला. ग्राहक एखाद्या वस्तूचे चित्र पाहत असला की तो तशाच वस्तूंच्या जाहिराती त्या पानात घुसवत असे. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ७.५ लाख लॅपटॉप विकले गेले होते.

‘जाहिरातीच तर आहेत, डोळ्यांना त्रास होईल एवढेच’ हा समजही याच प्रकरणात खोटा ठरला. बँकेच्या किंवा खरेदीच्या पानावर कुलपाचे चिन्ह दिसते, म्हणजे संगणक आणि ते संकेतस्थळ यांच्यातला मजकूर सांकेतिक स्वरूपात जातो आणि वाटेत कोणाला वाचता येत नाही. अशा पानात जाहिरात घुसवायची, तर ते कुलूप आधी उघडावे लागते. व्हिज्युअल डिस्कव्हरीने त्यासाठी विंडोजमध्ये स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवले. त्यामुळे खऱ्या संकेतस्थळाच्या जागी या प्रोग्रॅमने दिलेले प्रमाणपत्र ब्राउझर निमूटपणे स्वीकारू लागला. याहून वाईट म्हणजे सर्व लॅपटॉपमधील गुप्त किल्ली एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षातज्ज्ञांनी ती प्रोग्रॅममधून काढली आणि तिच्यावरचा पासवर्डही शोधला. तो होता ‘कोमोडिया’, म्हणजे कुलूप उघडण्याचे तंत्र पुरवणाऱ्या कंपनीचेच नाव. ही किल्ली हाती असलेला कोणीही, सार्वजनिक वायफायवर अशा लॅपटॉपसमोर खोटी बँक उभी करू शकत होता आणि ब्राउझर तिला खरी मानत होता.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीतला एक मुद्दा संमतीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा खरेदीच्या संकेतस्थळावर गेल्यावर एकदाच एक सूचना येई. ती नुसती बंद केली तर संमती धरली जाई, आणि स्पष्ट नकार दिला तरी फक्त जाहिराती थांबत. मजकूर मध्येच अडवून पाहण्याचे काम चालूच राही. सप्टेंबर २०१७ मध्ये लेनोवोने या आयोगाशी आणि ३२ राज्यांशी तडजोड केली. राज्यांना ३५ लाख डॉलर द्यायचे ठरले. फोर्ब्सच्या बातमीनुसार सुपरफिशशी केलेल्या करारातून लेनोवोला मिळणार होते जेमतेम २ ते २.५ लाख डॉलर. एवढ्या किरकोळ रकमेसाठी लाखो ग्राहकांचे बँकव्यवहार धोक्यात आले.

‘अँटिव्हायरस आहे, तो पाहून घेईल’

ॲडवेअर आणि व्हायरस एक नव्हेत. व्हायरस संमती विचारत नाही. ॲडवेअरकडे बहुधा कुठल्यातरी पडद्यावर घेतलेली, नावापुरती का होईना, संमती असते. म्हणून सुरक्षा कंपन्यांनी त्यासाठी ‘नको असण्याची शक्यता असलेली ॲप्स’, म्हणजे पीयूए, हा वेगळा गट केला आहे. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी उभ्या केलेल्या क्विक हील कंपनीच्या अहवालांतही ॲडवेअर आणि पीयूए यांची मोजणी स्वतंत्र रकान्यांत असते. पीयूए सापडले तरी ते थेट पुसायचे की वापरणाऱ्याला विचारायचे, हे प्रत्येक कंपनी आपापल्या धोरणाने ठरवते. या सावधपणाला कारण आहे. ॲडवेअर बनवणारे कोर्टात जातात. झँगो या कंपनीने आपले सॉफ्टवेअर अडवले म्हणून कॅस्परस्कीवर दावा लावला होता. २००९ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला.

सुरक्षा कंपनीचे नावही स्वतःहून पुरेशी हमी ठरत नाही. अवास्ट हा जगभर वापरला जाणारा अँटिव्हायरस. त्याने आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याचे जानेवारी २०२० मध्ये उघड झाले. जंपशॉट बंद करावी लागली, आणि २०२४ मध्ये अवास्टला १.६५ कोटी डॉलर भरावे लागले. इतरांना आपला माग काढू देणार नाही, असे सांगून विकलेल्या साधनानेच माग काढला होता.

विंडोज १० आणि ११ मध्ये पीयूए अडवण्याची सोय अंगचीच आहे. विंडोज सिक्युरिटी उघडून ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’ आणि त्यातील ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ या भागात गेले की ती दिसते. ऑगस्ट २०२१ पासून मायक्रोसॉफ्ट ती आपोआप चालू ठेवते, पण जुन्या संगणकावर एकदा खात्री करून घ्यावी.

‘अनइन्स्टॉल केले की गेले’

मूळ सॉफ्टवेअर काढले तरी सोबत आलेले राहते, कारण ते वेगळ्या नावाने, वेगळ्या कंपनीचे म्हणून नोंदलेले असते. प्रोग्रॅमची यादी बसवल्याच्या तारखेप्रमाणे लावली, तर एकाच दिवशी आलेली अनोळखी नावे चटकन दिसतात. त्यानंतर ब्राउझर पाहावा लागतो: एक्सटेन्शन, सुरुवातीचे पान, मुख्य सर्च इंजिन, आणि कोणत्या संकेतस्थळांना सूचना पाठवायची परवानगी आहे ती यादी. काही ॲडवेअर डेस्कटॉपवरील ब्राउझरच्या शॉर्टकटमध्ये आपला पत्ता जोडून ठेवते. त्यामुळे सेटिंग कितीदा बदलले तरी तेच पान उघडत राहते. अशा वेळी शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमधील ‘टार्गेट’ या ओळीत प्रोग्रॅमच्या नावानंतर काही चिकटवले आहे का ते पाहावे. टास्क शेड्युलरमध्ये स्वतःला पुन्हा चालू करण्याची नोंद ठेवणारेही असतात. व्हिज्युअल डिस्कव्हरी काढल्यावरही त्याचे मूळ प्रमाणपत्र विंडोजमध्ये तसेच राहत होते, म्हणजे जाहिराती गेल्या तरी धोका कायम होता. ते हटवण्यासाठी लेनोवो आणि मायक्रोसॉफ्ट यांना वेगळी साधने द्यावी लागली.

मुळात आत येऊ न देणे सोपे. सेटअपमध्ये ‘एक्सप्रेस’ किंवा ‘रेकमेंडेड’ऐवजी ‘कस्टम’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ निवडले की लपवलेल्या चौकटी बहुधा समोर येतात. ‘डिक्लाइन’ हे बटण फिकट रंगात असले तरी ते चालते, आणि ते दाबल्याने मूळ सॉफ्टवेअर बसायचे थांबत नाही. भारतीय वापरकर्त्यांसाठी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून मोफत सफाई-साधने देते.

‘संमती दिली होती, आता कायदा काही करू शकत नाही’

हा समज सर्वांत घट्ट आहे, आणि कंपन्यांच्या सर्वांत सोयीचाही. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात दूषित करणारा प्रोग्रॅम घालणाऱ्याकडून भरपाई मागता येते. प्रश्न उरतो तो परवानगी कशाला म्हणायचे हा, आणि तिथे गेल्या काही वर्षांत कायदा वापरकर्त्याच्या बाजूने सरकला आहे. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये प्लॅनेट४९ खटल्यात दिला. तो कुकीजबाबत होता, पण जावाच्या पडद्यालाही तोच तर्क लागू पडतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, आणि ती स्पष्ट होकारात्मक कृतीतून दिलेली असावी, अशी अट आहे.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीच्या युक्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार नोंदवले आहेत. मूळ गोष्टीशी संबंध नसलेले दुसरे ॲप उतरवायला भाग पाडणे, नकाराचे बटण दडवणारी मांडणी, गोंधळात टाकणारा प्रश्न, जाहिरात नाही असे भासवलेली जाहिरात, आणि संगणकात व्हायरस असल्याची खोटी भीती घालून पैसे काढणे हे त्यांतले काही. बंडलिंगचा जवळजवळ प्रत्येक डाव यांपैकी कशात ना कशात बसतो. अशी तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. खोट्या तपासणी-प्रोग्रॅमला घाबरून पैसे दिले गेले असतील, तर ते प्रकरण आर्थिक सायबर फसवणुकीचे होते. त्यासाठी क्रमांक १९३० आहे, आणि तिथे जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. दोन्ही ठिकाणी त्या पडद्याचा स्क्रीनशॉट, सेटअपची फाइल आणि ती कुठून उतरवली तो पत्ता जपून ठेवलेला असला, तर संमती कशी घेतली गेली हे दाखवता येते.